न रागावणारा चेहरा

आमच्याकडचा माणूस फोटोला उभा राहिला की सगळ्यात आधी श्वास कोंडून धरतो. मग छाती पुढं, हनुवटी वर, हात मांड्यांना चिकटलेले आणि डोळे असे, की कॅमेऱ्यामागं मी नाही, फौजदारच उभा आहे. बारामतीत स्टुडिओ टाकून माझं अर्धं आयुष्य गेलं आणि त्यातला बराचसा वेळ "अहो, श्वास सोडा की" हे सांगण्यात गेला. लग्नाचे, साखरपुड्याचे, पासपोर्टचे, सगळे फोटो काढले. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि आमच्या धंद्यानं मान टाकली. आता दिवाळी अंकवाले म्हणतात, तात्या, अनुभव लिहा. म्हणजे दुकान बसल्यावरच आम्ही लिहिण्याजोगे झालो! असो. लिहितो.

हल्ली स्टुडिओत एक नवीन गिऱ्हाईक येतं. एमआयडीसीत नोकरीला लागलेली पोरं-पोरी. त्यांना कंपनीच्या साइटवर, आणखी कुठं कुठं टाकायला फोटो लागतो. अशीच एक पोरगी आली आणि म्हणाली, "काका, फोटो प्रोफेशनल पाहिजे, पण अ‍ॅप्रोचेबल दिसले पाहिजे मी."

मी म्हटलं, "म्हणजे कशी गं?"

ती जरा घोटाळली. मग म्हणाली, "म्हणजे बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हिच्याशी जाऊन बोलायला काही हरकत नाही."

पोरीनं एका वाक्यात आमचा सगळा धंदा सांगितला. सुंदर फोटो काढणं सोपं असतं हो. उजेड मऊ करा, चेहरा थोडा वळवा, पाठीमागचं धूसर करा, झालं. रुबाबदार फोटो तर त्याहून सोपा. पण बघणाऱ्याचा पाय फोटोतल्या माणसाकडं वळला पाहिजे, हे अवघड. त्याच्या काही युक्त्या आहेत, त्या सांगून टाकतो, आता मला लपवून काय करायच्यात? कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत ठेवायचा. खालून काढला की माणूस पुढारी दिसतो आणि वरून काढला की अर्जदार. खांदे सरळ समोर नकोत, जरा तिरके. हाताची घडी तर नकोच नको. आणि माणसाला "हसा" म्हणायचं नाही. हसा म्हटलं की दात दिसतात, डोळे मात्र होते तसेच राहतात.

हसा म्हणायचं नाही, तर मग करायचं काय? बोलतं करायचं. पणदऱ्याचे बापूराव म्हणून एक गृहस्थ होते, दूध संस्थेच्या निवडणुकीला उभे. पॅनलच्या पत्रकासाठी फोटो हवा होता. मिशीला पीळ, कपाळाला आठी. मी कॅमेरा लावला आणि सहज विचारलं, "बापूराव, औंदा म्हैस कुठली आणली?" बघता बघता आठी मोडली, डोळे उजळले, हात वर आले. मी काढला फोटो. तो बघून बापूराव माझ्यावरच उखडले.

"ह्यो कोन? ह्यो तर दूध घालायला आल्यावानी दिसतुया!"

"मग मतं कोण देणार, बापूराव? दूध घालणारेच ना?"

"ते व्हय रं, पर चेरमनचा वचक न्हाय दिसत. आठीवाला काढ."

काढला आठीवाला. ते निवडून आले का ते विचारू नका, कारण दोन्ही पॅनलचे फोटो माझ्याच दुकानातले होते.

तर अशा आमच्या मुलखात, जिथं फोटो म्हणजे वचक, तिथं एक बाई माझ्याकडं आल्या. वचक नको म्हणून आल्या. डॉक्टर प्रज्ञा. मूळच्या इथल्याच, सांगवीच्या. वडील पाटबंधारे खात्यात होते, आता निवृत्त होऊन घरीच असतात. मुलगी शिकत शिकत मोठी सर्जन झाली, तीसुद्धा बायकांच्या छातीच्या गाठींची. पुण्यातल्या बड्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून बारामतीत इंदापूर रस्त्याला दवाखाना काढला होता. बारामती, इंदापूर, दोन्ही तालुक्यांतल्या बायकांना जवळ पडावं म्हणून.

आल्या, खुर्चीत बसल्या आणि पर्समधून आपलाच एक फोटो काढून माझ्या पुढं ठेवला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, हाताची घडी.

"दिनकरराव, हा फोटो बघून तुम्ही माझ्याकडं याल का?"

मी खरं ते सांगितलं. "डॉक्टर, हा फोटो बघून मी गृहपाठ करून येईन."

त्या मोकळ्या हसल्या. मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "तेच तर झालंय. ताप घेऊन येतात, गुडघे घेऊन येतात. पण जिच्यासाठी मी इथं आले, ती गाठ घेऊन कुणी स्वतःहून येत नाही. पदराखाली लपवतात. दुखत नाही ना सुरुवातीला! मग फार झालं की पोरं जीपमध्ये घालून आणतात, आणि तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं. लवकर आली तर बाई बरी होते हो. धडधाकट बरी होते. मला नुसती ती लवकर यायला हवी."

"आणि नाहीच आल्या तर?"

"वर्षभर बघायचं ठरवलंय. पुण्याची जागा अजून मला बोलावतेय. रिकाम्या खोलीत बसून माझी विद्या कुणाच्या उपयोगाची?"

मला ही बाई फार आवडली. पुण्याहून इथं येणारे डॉक्टर मी पाहिलेत, आठवड्यातून एकदा येतात आणि घड्याळ बघत बसतात. ह्या इथं राहायला आल्या होत्या आणि त्यांना काय हवं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, काळजी सोडा. असा फोटो काढतो की बायका रांग लावतील."

आपलीच पाठ आपण थोपटायची सवय, दुसरं काय!

कोट काढायला लावला. निळी सुती साडी, कानात साधी कुडी. उजेड मऊ केला. त्यांना बोलतं केलं, छान हसऱ्या आल्या. मग कॉम्प्युटरवर बसलो आणि डोळ्यांखालची जागरणं पुसली, रंगही जरा उजळ केला. आमच्याकडं हे गिऱ्हाइकानं सांगावं लागत नाही, ते धरलेलंच असतं. नाही केलं तर लोक भांडायला येतात.

ह्या मात्र उलट्याच भांडल्या. म्हणजे भांडल्याही नाहीत, आवाज जराही चढवला नाही. पडद्याकडं बघून म्हणाल्या, "ही कोण?"

"तुम्हीच की."

"दिनकरराव, माझ्याकडं येणारी बाई बहुतेक माझ्याच रंगाची असणार. तिनं बोर्डावर एक बाई बघायची आणि आत भलतीच बसलेली दिसायची, असं झालं तर पहिल्या पावलालाच मी तिला फसवलं. माझा रंग मला परत द्या."

दिला. आणि मनातून म्हटलं, वा गं बाई! आजवर मला सगळ्यांनी 'उजळ करा' म्हणून सांगितलं होतं. आपला रंग परत मागणारं हे पहिलं माणूस.

फ्लेक्सची मांडणी त्यांनी माझ्यावर सोपवली आणि घोडं पेंड खायला लागलं ते इथं. मला वाटलं, बायकांचा दवाखाना आहे, नाजूक काहीतरी हवं. मी फोटो अंड्याच्या आकाराच्या चौकटीत बसवला, कडा पांढऱ्यात विरघळवल्या, भोवती मोगऱ्याची वेल सोडली. खाली मोठ्या अक्षरात नाव. आणि कशाची तपासणी होते तो मजकूर? आता मी पडलो बाप्या माणूस. 'छाती' हा शब्द चौकात लावायचा म्हणजे मलाच लाज वाटली. तो मी अगदी तळाला, बारीक अक्षरात घातला. एक फ्लेक्स मोरगावला एसटीच्या थांब्याजवळ लागला, एक पणदऱ्यात आणि एक इंदापूरच्या बाजारपेठेत. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगवीत डॉक्टरांच्या वडिलांच्या दारात माणसं यायला लागली. येत, टोपी काढत, ओट्यावर बसत आणि गप्प राहत. वडील बिचारे भले गृहस्थ, त्यांना वाटलं पाण्याच्या पाळीचं काही काम असेल, जुन्या ओळखीनं आलेत. त्यांनी सगळ्यांना चहा केला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली, की धक्का बसलाय म्हाताऱ्याला. शेवटी एकानं पुढं होऊन त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "आबा, धीर धरा."

"कशाचा?" वडील म्हणाले.

तोवर आतून बायकांचा रडण्याचा आवाज आला. डॉक्टरांच्या आई चुलीपुढं बसल्या होत्या, आणि गळ्यात पडून रडायला आलेल्या बायकांना विचारत होत्या, "अगं पर मेलं कोन?"

बाहेरगावच्या वाचकाला हे उमजायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं चौकात बाईचा फोटो लागतो तो दोनच वेळा. निवडून आली तर, नाहीतर गेली तर. निवडून आली तर हात जोडलेले असतात, डोक्यावर पुढाऱ्यांची रांग असते आणि रंग असा भडक की डोळे दिपावेत. गेली तर ती एकटी असते. हसरी असते. पांढऱ्यात असते आणि भोवती फुलं असतात. आता बघा बरं माझा फ्लेक्स! 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढंच काय ते लिहायचं राहिलं होतं, आणि ते आमच्या लोकांनी मनातल्या मनात वाचून घेतलं. मोरगावला तर कुणीतरी भल्या माणसानं चौकटीला झेंडूचा हारसुद्धा घातला होता. दवाखान्याच्या फोनवर विचारणा व्हायला लागली, दहावा कुठं हाय म्हणून.

मी दवाखान्यात गेलो तो माराची तयारी ठेवूनच. बाहेरच्या बाकड्यावर बसलो. आत पेशंट होतं आणि पडदा अर्धवट सरकलेला होता. गुडघे धरलेली एक म्हातारी आपली कथा सांगत होती, आणि कथा गुडघ्यावरून सुनेवर आणि सुनेवरून तिच्या माहेरावर गेली होती. डॉक्टर ऐकत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं आणि बघतच राहिलो. त्या हसत नव्हत्या. तोंड मिटलेलं होतं, मान थोडी पुढं आणि किंचित कललेली, भुवया सैल. डोळे त्या म्हातारीवर असे टेकलेले की जगात तिच्या गुडघ्याशिवाय दुसरी काही बातमीच नाही. टेबलावर एक छोटी बुद्धमूर्ती होती, तिच्याशेजारी फोन वाजत होता, त्याच्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी कपाळावर हात मारला. अरे दिनकर, इतकी वर्षं माणसांना बोलतं करत आलास, आणि जिला बोलायचंच नव्हतं, ऐकायचं होतं, तिलाही बोलतंच केलंस!

म्हातारी बाहेर पडली, मी आत गेलो. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, "दिनकरराव, मेलेल्या डॉक्टरकडं कोण येणार हो?"

मी म्हटलं, "डॉक्टर, एक संधी द्या. ह्या वेळेस हसायचं नाही आणि बोलायचंही नाही. मी समोर एक बाई बसवतो. तुम्ही फक्त तिचं ऐका."

"पेशंटला बसवून फोटो काढायचा नाही," त्या लगेच म्हणाल्या.

"पेशंट कशाला? माझी आक्का बसवतो. तिला बोलायला कारण लागत नाही."

शांताआक्का माझी थोरली बहीण. मोरगावला दिलेली. जिरायती रान, ज्वारी-बाजरी, दावणीला शेरडं, आणि जिभेला हाड नाही. लहानपणी मला कडेवर घेऊन हिंडायची आणि अजूनही मला चारचौघांत दिन्या म्हणते. बाजाराला बारामतीत आली की आमच्याकडं उतरते. त्या खेपेला आली तेव्हा तिला घेऊन दवाखान्यात गेलो. कॅमेऱ्याला अगदी खेटून स्टुलावर बसवली, म्हणजे डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं तरी फोटोत ते बघणाऱ्याकडं पाहिल्यासारखं यावं. मागं दवाखान्याची साधी पिवळट भिंत, खिडकीचा उजेड, दुसरं काही नाही.

"काय बोलू?" आक्का पदर सावरत म्हणाली. एरवी विचारणारी नव्हे.

"काय बी बोल. शेरडांचं सांग."

मग आक्का सुरू झाली. कोणती शेळी गाभण आहे, कोणती द्वाड आहे, कुठल्या बोकडानं सरपंचाच्या शेवग्याची रोपं खाल्ली आणि त्यावरून दाजींना काय काय ऐकून घ्यावं लागलं. डॉक्टर ऐकत होत्या खऱ्या, पण आक्का अशी रंगवून सांगत होती की त्यांना सारखं हसू येत होतं. मी काढत होतो, पण मला पाहिजे होतं ते मिळत नव्हतं. शेवटी आक्काचा बोकड एकदाचा घरी आला आणि ती दम खायला थांबली.

डॉक्टरांनी आपल्या सवयीनं विचारलं, "शेरडांचं कळलं. तुमचं कसं चाललंय, शांताबाई?"

आक्का काही बोलेना.

आक्का गप्प बसलेली मी जन्मात फारशी पाहिलेली नाही. मी कॅमेऱ्यातून बघत होतो, मला ती दिसत नव्हती, नुसत्या डॉक्टर दिसत होत्या. त्यांचं हसू ओसरलं. मान थोडी पुढं झाली. भुवया सैल सुटल्या. तोच चेहरा! माझं बोट बटणावर आणि जीव डोळ्यांत. बाजूनं आक्काचा आवाज आला, अगदी बारीक, तिचा वाटू नये असा.

"डाक्टरीनबाई, वरडनार न्हाय न्हवं?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "अजिबात नाही."

माझं बोट दाबलं गेलं.

"हितं हाय," आक्का म्हणाली. "काखंच्या खालतं. दुखत न्हाय. लई दिस झालं. दोन सुग्या गेल्या."

आता काय सांगू तुम्हाला! मी कॅमेऱ्यामागून बाहेर आलो आणि जे करायला नको तेच केलं. ओरडलो. "दोन सुग्या? आक्के, इतके दिवस काय झोपली होतीस? बोलायला तोंड नव्हतं?" माझाच आवाज मला ओळखू येईना. आक्कानं स्टुलावर बसल्या बसल्या अंग चोरून घेतलं. मी बारका असताना बापाचा मार स्वतःच्या पाठीवर घेणारी ही बाई, माझ्यापुढं अंग चोरत होती.

डॉक्टर उठल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, पण माझ्याकडं असं पाहिलं की माझं तोंड आपोआप मिटलं. "दिनकरराव, बाहेर जा. आणि पडदा ओढून घ्या."

बाकड्यावर बसलो. रडलो, लपवत नाही. भीतीनं रडलो, रागानंही रडलो. हीच भीती असते होय बायकांना? गाठीची नाही, मरणाचीही नाही. 'इतके दिवस काय झोपली होतीस' हे ऐकायला लागेल त्याची? डॉक्टर ओरडेल, नवरा ओरडेल, भाऊ ओरडेल. आणि भावानं ओरडून दाखवलंच की. ज्याला म्हणून चेहऱ्यातलं कळतं, त्या भावानं!

पडद्याआड डॉक्टरांचा आवाज एका लयीत चालू होता. शब्द कळत नव्हते. मग मधेच आक्काचं हसू ऐकू आलं, खरं सांगतो, हसू. त्या खोलीत गाठ हाताला लागत असताना आमच्या आक्काला ज्या बाईनं हसवलं, तिला माझा दंडवत.

आक्का बाहेर आली, माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "सुई घालून तपासाया द्यायचं म्हनत्यात. वेळ हाय म्हनल्या अजून."

मी तिची बाजाराची पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

"दिन्या, तुला एक सांगू का? ह्या बाईचा पयला फोटू लागला न्हवं मोरगावात, तवा मी बघितला. मला वाचता येतंय थोडंथोडं, तळाचं बारीक पन वाचलं मी. दोनदा वाचलं. मनात म्हनलं, जावं का? तेवढ्यात थांब्यावरची मानसं म्हनली, बिचारी गेली. आन् काय सांगू, माझा जीव हलका झाला. म्हनलं, सुटले. आता कुनाला दावायला नगं."

एवढं बोलून ती तिच्या पिशवीतल्या भाज्या नीट लावायला लागली. माझ्या त्या मोगऱ्याच्या वेलीनं माझ्याच बहिणीला घरी बसवायची पाळी आणली होती.

पुढचे महिने आमच्या घरात काय गेलं ते लिहीत बसत नाही. ऑपरेशन झालं, डॉक्टर प्रज्ञांनीच केलं. पुढचे उपचार झाले, आक्काचे केस गेले, तोंडाची चव गेली. बडबड तेवढी गेली नाही. दाजींनी शेरडं सांभाळली आणि कधी नव्हे ते भाकरी थापायला शिकले. डॉक्टर मोरगावच्या बाजूला गेल्या की आक्काच्या घरी डोकावायच्या, आणि आक्का त्यांना गाभण शेळीचं पोट तपासायला लावायची. त्याही तपासायच्या! एवढी मोठी सर्जन गोठ्यात उकिडवी बसलेली मी डोळ्यांनी बघितलीय. फोटो काढायला मी सोबत कॅमेरा नेला नव्हता, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

राहिला तो फोटो. 'अजिबात नाही' म्हणतानाचा. मी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "माझं हे तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. पण दिनकरराव, हा क्षण शांताबाईंचा आहे. त्यांना विचारल्याशिवाय बाहेर जायचा नाही."

आक्काला विचारलं. तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला होता. फोटो हातात धरून म्हणाली, "मी कुठं दिसतीया ह्यात? लाव की. पर दिन्या, ती येल आन् फुलं नगं. आन् ते बारीक लिवलं हुतंस ते मोठं लिव. छातीला छाती म्हनायला तुला काय व्हतंय?"

"आणि काय लिहू?"

"लिव की, उशीर झाला तरी या, रागावनार न्हाय."

तेच लिहिलं. शुद्ध करून, पण तेच. चौकट नाही, फुलं नाहीत. पिवळट भिंत, सावळा चेहरा, डोळ्यांखालची जागरणं आहेत तशी. आणखी काय सांगू, मी आजवर काढलेल्या फोटोंमध्ये हसू नसलेला आणि तरीही माणसाला जवळ बोलावणारा हा एकच. प्रोफाइल काढायला येणाऱ्या पोरांना मी तो दाखवतो आणि सांगतो, बाबांनो, आपलेपणा दातांत नसतो. समोर कुणाला तरी आणा ज्याचं तुम्हाला खरंच ऐकायचंय. काही जण आईला घेऊन येतात, काही जण मित्राला. फोटो चांगले येतात. पण डॉक्टरांचा तो फोटो तो फोटोच.

बायका यायला लागल्या. रांगा बिंगा लागल्या नाहीत. एकेकटी, दुपारची, तोंड पदरानं झाकून, कुणी इंदापूरची, कुणी पार पलीकडच्या गावची. बऱ्याच जणींचं काही नसतं, साधी गाठ निघते, हसत घरी जातात. डॉक्टरांचं ठरवलेलं वर्ष सरलं तेव्हा मी भीत भीत विचारलं, "पुण्याचं काय?" त्या म्हणाल्या, "कुठलं पुणं?" आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

गेल्याच महिन्यात मोरगावला गेलो होतो. वाऱ्यानं फ्लेक्सची एक दोरी सुटली होती, ती बांधायची होती, आणि आक्काला तपासणीसाठी बारामतीला यायचं होतं. मी शिडीवर आणि खाली थांब्यावर आक्का एसटीची वाट बघत उभी. केस आलेत तिचे आता, आखूड, पांढरे, पोरासारखे. शेजारी दोन बायका होत्या. एक म्हातारी आणि एक तिची सून असावी, हातात पिशवी घट्ट धरलेली. सून फ्लेक्सकडं बघायची आणि मान खाली घालायची. पुन्हा बघायची.

म्हातारी म्हणाली, "काय बघतीया बघ ही बाई, जनू आपल्याकडंच."

"तुमच्याकडं न्हाय," आक्का म्हणाली. "माझ्याकडं बघतीया."

दोघी वळल्या. आक्कानं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि त्यांना आपले आखूड केस नीट बघू दिले. शिडीवर मी दोरीची गाठ मारायची विसरून तसाच थांबलो.

सुनेनं हळूच विचारलं, "वरडती का वो?"

"वरडती की," आक्का म्हणाली. "त्यो शिडीवर हाय न्हवं, त्या फोटूवाल्याला वरडती. बाईला न्हाय."

तेवढ्यात बारामतीची एसटी आली. दार उघडलं. म्हातारी जागची हलली नाही. आक्का पायरीकडं निघाली, पण तिच्या आधी ती सून चढली.